शुगर, अर्धी भाकरी आणि चीजचा तुकडा

आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांत आज औषधांच्या डब्यात शुगरच्या गोळ्या असतात. त्यात मोबाइलवर रोज एक नवा सल्ला येऊन पडतो. ‘भात बंद करा, चपाती बंद करा, चीज आणि पनीर पोटभर खा, शुगर आपोआप खाली येईल.’ मग कोणी पगाराच्या दिवशी चीजचा डबा घरी आणतो. कोणी भाकरी एकदम सोडून देतो. कोणी तर गोळ्याही बंद करतो. या सल्ल्यात काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्धवट आहेत आणि काही जिवावर बेतू शकतात. त्या वेगवेगळ्या करून समजून घेऊ.

कर्बोदके कमी का करायची?

भात, भाकरी, चपाती, पाव, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ या सगळ्यांत कर्बोदके असतात. हल्ली त्यांनाच ‘कार्ब’ म्हणतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते आणि ती रक्तात उतरते. निरोगी शरीर इन्सुलिनच्या मदतीने ती साखर पेशींपर्यंत पोहोचवते. मधुमेहात हे काम नीट होत नाही, म्हणून साखर रक्तातच साचते. ताटातली कर्बोदके कमी झाली की रक्तात येणारी साखरही कमी होते. कमी-कार्ब आहारामागचे कारण एवढेच आहे आणि ते खरे आहे.

आपल्या देशात हा प्रश्न मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी माणसे. याच पाहणीतून पुढे आलेली आहाराची माहिती सांगते की भारतीय माणसाच्या अन्नातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. भाताऐवजी चपाती किंवा भाकरी घेतली, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. मात्र कर्बोदकांचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिने घेतली, तिथे धोका कमी दिसला. म्हणजे ताटातून काय काढले याइतकेच त्या जागी काय वाढले हेही महत्त्वाचे आहे. चीजचा प्रश्न इथेच येतो.

चीजमध्ये कार्ब कमी का असतात?

दुधात स्वतःची एक साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. १०० मिलिलिटर दुधात ती साधारण साडेचार ते पाच ग्रॅम असते. चीज करताना दूध विरजणाने आणि एका खास द्रव्याने गोठवतात आणि त्यातले पाणी काढून टाकतात. या पाण्याबरोबर बरीचशी साखर निघून जाते. उरलेली साखर विरजणातले जिवाणू खातात आणि तिचे आम्ल करतात. मागे राहतात दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश. म्हणून बाजारातल्या नेहमीच्या प्रक्रिया केलेल्या चीजच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे २० ग्रॅम, चरबी सुमारे २५ ग्रॅम आणि कर्बोदके दीड-दोन ग्रॅमच असतात. एक क्यूब २० ते २५ ग्रॅमचा असतो. तो खाल्ल्याने शुगर फारशी वाढत नाही, हे खरे आहे. ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगते, त्यांनाही थोडे चीज अनेकदा सोसते, कारण त्यात लॅक्टोज फार थोडे उरते.

पण चीज शुगर वाढवत नाही याचा अर्थ चीज शुगर कमी करते असा होत नाही. दोन भाकऱ्या तशाच ठेवून वर चीज खाल्ले तर कर्बोदके तेवढीच राहतात, फक्त चरबी आणि मीठ वाढते. चीजचा फायदा झाला तर तो ताटातली भाकरी किंवा भात कमी करून त्या जागी खाल्ले तरच होतो.

‘कीटो’ नावाचा जो आहार आज मोबाइलवर गाजतो आहे, तो मुळात शुगरसाठी निघालेला नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला होता. तिकडच्या स्वयंपाकघरात चीज, लोणी, मांस हे रोजचेच असते. म्हणून तिथल्या कमी-कार्ब आहारात चीज दिसते. त्या आहाराला चीजच लागते असा काही नियम नाही.

गाडीवरचे चीज हे चीज असतेच असे नाही

वस्तीत चीज येते ते बहुतेक वेळा सँडविच, फ्रँकी, डोसा, पिझ्झा आणि चीज वडापाव यांतून. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, पावावर चीज किसले म्हणून पावातली कर्बोदके कमी होत नाहीत. एका पावात साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. वड्यातला बटाटा आणि बेसन वेगळे. चीज वडापाव हा कमी-कार्ब पदार्थ नाही.

दुसरी, स्वस्तात मिळणारे पांढरे किंवा पिवळे ‘चीज’ अनेकदा दुधाचे नसते. ते वनस्पती तेल, स्टार्च आणि थोडी दुधाची भुकटी यांपासून बनवलेले असते. याला ‘अ‍ॅनालॉग’ म्हणतात. असा पदार्थ विकणे गुन्हा नाही, पण तो दुधाचे चीज किंवा दुधाचे पनीर म्हणून विकणे नियमाविरुद्ध आहे. शुगरच्या पेशंटला यात दुहेरी नुकसान होते. प्रथिने मिळत नाहीत आणि स्टार्चच्या रूपाने नको ती कर्बोदके पोटात जातात.

पाकीट विकत घेताना मागची बाजू वाचा. घरात इंग्रजी वाचणारे मूल असेल तर त्याला वाचायला लावा. ‘अ‍ॅनालॉग’, ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’, ‘व्हेजिटेबल फॅट’ किंवा ‘स्टार्च’ असे शब्द दिसले तर ते निव्वळ दुधाचे चीज नव्हे. त्याच कोष्टकात ‘कार्बोहायड्रेट’पुढचा आकडा बघा. १०० ग्रॅमला तो दोन-तीनच्या आसपास असेल तर ठीक. दहा-पंधरा असेल तर ते बाजूला ठेवा.

सुटे पनीर घेतले आणि शंका आली तर घरी एक तपासणी करता येते. पनीरचा लहान तुकडा थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण थंड होऊ द्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. पाणी निळे-काळे झाले तर त्यात स्टार्च आहे. तपासलेला तुकडा फेकून द्या, खाऊ नका. वनस्पती तेलाची भेसळ मात्र या तपासणीत कळत नाही.

मीठ, चरबी आणि खिसा

चीजमधला खरा त्रास साखरेचा नाही, मिठाचा आहे. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ भरपूर असते. पाकिटावर ते ‘सोडियम’ म्हणून मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. १०० ग्रॅमला १४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर २५ ग्रॅमच्या एका क्यूबमध्ये ३५० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम मीठ होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. चार क्यूब खाल्ले की बराचसा वाटा तिथेच संपतो. शुगरबरोबर बीपीही असणारी माणसे आपल्यात खूप आहेत. त्यांनी हा हिशोब विसरू नये.

चीजमधली निम्म्याहून जास्त चरबी ही तुपा-लोण्यासारखी घट्ट चरबी असते. हृदयविकार झालेला असेल किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर ‘हवे तेवढे चीज’ हा सल्ला त्यांच्यासाठी नाही.

आणि खिशाचे काय? २०० ग्रॅमच्या चीजच्या डब्यात साधारण ४० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच प्रथिने सहा-सात अंड्यांत मिळतात, तीही चीजच्या निम्म्याहून कमी पैशांत. रोजंदारीवर चालणाऱ्या घराने शुगरसाठी म्हणून महिन्याला चीजचे डबे आणण्याची काहीच गरज नाही.

आपल्याच चुलीवरचे कमी-कार्ब अन्न

कमी-कार्ब खाणे म्हणजे परके खाणे असे वाटते, पण आपल्या घरांत शिजणारे कितीतरी पदार्थ मुळातच कमी कार्बचे आहेत. अंडी, कोंबडी, मटण, कलेजी, वजडी, ताजे मासे, सुकट, बोंबील यांत कर्बोदके नाहीच्या बरोबर आहेत. ज्यांना कोणी ‘गरिबाचे खाणे’ म्हणून नाक मुरडत होते, त्यातली बरीचशी प्रथिनांची खाण आहे. सुकी मासळी खारवलेली असेल तर ती कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवा, म्हणजे बरेच मीठ निघून जाते.

शेंगदाण्यात प्रथिने २५ टक्क्यांच्या आसपास असतात. एक लहान मूठ पुरे, कारण त्यात तेलही भरपूर असते. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आहेत आणि कोरड्या वड्यांचा जवळजवळ अर्धा भाग प्रथिनेच असतो. मेथी, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, शेपू, कोबी, दुधी, वांगी, भेंडी, गवार या भाज्या पोट भरतात आणि शुगर फार वाढवत नाहीत. डाळी-कडधान्यांत कर्बोदके असतात, पण त्यांत चोथा आणि प्रथिनेही असतात, म्हणून ती भाताइतक्या झपाट्याने शुगर चढवत नाहीत. रश्शाचे पाणी कमी आणि घट्ट डाळ जास्त असे वाढा.

एका दिवसाचा हिशोब

समजा एखाद्या घरात दिवसभराचे खाणे असे आहे. दोन चमचे साखरेचा चहा तीन वेळा, म्हणजे ३० ग्रॅम कर्बोदके. सकाळी पोह्यांची बशी, सुमारे ३८ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्या, ८० ग्रॅम. रात्री ताटभर भात, सुमारे ८४ ग्रॅम, आणि दोन चपात्या, ४० ग्रॅम. एकूण झाले २७२ ग्रॅम. डाळ, भाजी, दूध यांतले वेगळे.

आता यात बदल करू. चहा बिनसाखरेचा. पोह्यांऐवजी दोन अंड्यांचे कांदा-टोमॅटो घातलेले ऑम्लेट. दुपारी एकच भाकरी आणि दुप्पट भाजी. रात्री दोन चपात्या, भात मात्र फक्त लहान वाटीभर, सोबत घट्ट डाळ किंवा मासळी. २७२ वरून आपण १०८ ग्रॅमवर आलो. डाळ-भाजीतली धरून साधारण १३०. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके म्हणजेच कमी-कार्ब आहार, असे डॉक्टर मानतात. या सगळ्यात चीजचा एक तुकडाही आला नाही आणि भाकरी पूर्ण सुटलीही नाही. हा बदल एका दिवसात करू नका. पहिल्या आठवड्यात चहातली साखर, दुसऱ्या आठवड्यात पोहे, असे पायरी-पायरीने जा.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी हे वाचा

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन हे तुमच्या आधीच्या जेवणाच्या हिशोबाने दिलेले असतात. जेवणातली कर्बोदके अचानक निम्मी केली आणि औषध तेवढेच राहिले तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, खूप भूक, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. अशा वेळी चीज, पनीर किंवा अंडे देऊन उपयोग नाही, कारण त्यांत साखरच नाही. ताबडतोब तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. नंतर नेहमीचे जेवण द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या गोळ्या हल्ली बऱ्याच जणांना दिल्या जातात. त्या चालू असताना कर्बोदके फारच कमी केली तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. तेव्हा शुगरचा आकडा फार मोठा नसतानाही माणूस गंभीर होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गळाठा असे काही दिसले तर थेट रुग्णालयात जा.

म्हणून नियम असा. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, औषधाचा डोस त्यांनाच बदलू द्या. स्वतः गोळी बंद करू नका. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांनी तर इन्सुलिन एक दिवसही चुकवू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसेच लहान मुलांनी असला आहार आपल्या मनाने करू नये.

टीबी आणि किडनीच्या पेशंटसाठी

ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. टीबीच्या औषधांतली आयसोनियाझिड ही गोळी आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत दिली जाणारी लिनेझोलिड ही गोळी, या दोन्हींचे मुरवलेल्या चीजशी जमत नाही. चीज मुरताना त्यात टायरामिन नावाचे द्रव्य तयार होते. या गोळ्यांमुळे शरीराला ते नीट मोडता येत नाही. मग चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छातीत धडधड, बीपी वाढणे असे होऊ शकते. आयसोनियाझिड घेणाऱ्यांना काही माशांनीही असा त्रास होतो. टीबीचे औषध चालू असेल तर चीज टाळा, ताजे पनीर किंवा अंडी खा आणि त्रास झाला तर दवाखान्यात सांगा. गोळी मात्र सोडू नका. शिवाय टीबीत शरीर खंगलेले असते. त्या काळात वजन उतरवणारा आहार करायचा नसतो.

किडनीचा आजार असणाऱ्यांनी प्रक्रिया केलेले चीज टाळलेलेच बरे. मिठाबरोबर त्यात अनेकदा फॉस्फेट घातलेले असते. पाकिटावर ३३९ किंवा ४५२ असे क्रमांक दिसले तर ते फॉस्फेटच. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. प्रथिने किती खायची हेही अशा पेशंटने डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चीज खायचेच असेल तर

आवडत असेल आणि वरचे आजार नसतील तर चीज विषासारखे वर्ज्य करण्याचे कारण नाही. एका वेळी एक क्यूब किंवा एक स्लाइस, आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढे पुरे. पाव किंवा मॅगीवर नको. ऑम्लेटवर किसा, परतलेल्या ढोबळी मिरचीत किंवा कोबीत घाला, नाहीतर काकडीच्या फोडींबरोबर खा. ज्या दिवशी चीज, त्या दिवशी पापड, लोणचे, फरसाण नको, आणि त्या भाजीत वरून मीठ घालू नका.

त्याहून चांगले म्हणजे घरचे पनीर. एक लिटर दूध उकळा, त्यात अर्ध्या-एका लिंबाचा रस हळूहळू घाला, दूध फाटले की स्वच्छ कापडात गाळून बांधून ठेवा. म्हशीच्या दुधाचे दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर निघते. त्यात मीठ नाही, स्टार्च नाही आणि काय घातले ते आपल्याला माहीत असते. गाळलेल्या पाण्यात दुधाची साखर असते, म्हणून ते शुगरच्या पेशंटने पिऊ नये. मुलांच्या चपात्यांची कणीक त्यात मळा.

बुद्धपौर्णिमेची खीर आणि १४ एप्रिलचे सरबत-पेढे हा प्रश्नही येतोच. दोन चमचे खीर घ्यायची आणि त्या जेवणात भात-चपाती घ्यायची नाही, असा मेळ घालता येतो. वाढणाऱ्यांनी ‘आज एक दिवस काय होतंय’ असा आग्रह करू नये. घरातल्या शुगरच्या माणसाला जपणे हे सगळ्या घराचे काम आहे.

शेवटी एक सोपे काम करा. एका वहीत आठ दिवस काय खाल्ले ते लिहा. शक्य असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर त्याच पानावर नोंदवा. वही आणि चालू औषधांची सगळी पाकिटे घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना विचारा, ‘माझी भाकरी निम्मी केली तर गोळी किती घ्यायची?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच ताट बदला.